मोरदऱ्याचा झिरा

१९ नोव्हेंबर १९८५, औरंगाबाद

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दैनंदिनी सुटली होती. आज पुन्हा लिहायला बसले, कारण हे गेल्यावर सहा वर्षांनी यांच्या वह्या ट्रंकेतून बाहेर निघाल्या.

सकाळी जंगलखात्यातले एक अधिकारी आले. वय अठ्ठावीस आणि नाव काकासाहेब वाकळे. मला हसू आवरेना. तेही हसले. "आजोबांचं नाव ठेवलंय, बाई. माझा काय इलाज?"

कन्नडच्या डोंगरात अभयारण्य करायचं घाटतंय आणि हद्द आखायचं काम काकासाहेबांकडे आहे. जुन्या कागदांत 'रेंजर मधुसूदन धारूरकर' हे यांचं नाव सारखं भेटतं म्हणाले. त्यांनी स्वतःसाठी काही लिहून ठेवलं होतं का?

सात वह्या निघाल्या. काकासाहेबांनी पहिली वही डावीकडून उघडली आणि गोंधळले. सगळं उर्दूत! आमची दोघांचीही शाळा निजामाच्या अमलातली. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, माणसं बदलली, पण यांचा स्वतःपुरता हात तोच राहिला.

"आमच्या कचेरीत हे वाचणारं आता कुणी नाही," काकासाहेब म्हणाले. "तुम्ही मराठीत उतरवून द्याल का?"

मी हो म्हटलं. नंतर वाटलं, किती घाईने हो म्हटलं मी.

२४ नोव्हेंबर

दुसरी वही संपत आली. अक्षर घसटलेलं आहे, पण सवयीचं. एक ओळ अशी: "धावड़े की ढलान पर रीछ. शहद खा रहा था. मुझे देखकर भी नहीं हटा." मराठीत लिहिलं, 'धावड्याच्या उतारावर अस्वल. मध खात होतं. मला पाहूनही हललं नाही.' अर्थ आला, यांचा आवाज मात्र आला नाही.

चार वर्षं आम्ही कन्नडच्या बंगल्यात राहिलो, सत्तावन्न ते एकसष्ट. मी डोंगर पाहिला तो व्हरांड्यातून. बायकांनी रानात जायची पद्धत नव्हती, आणि मीही कधी हट्ट धरला नाही. हे दुपारी परतायचे तेव्हा सदऱ्याला सालईच्या डिंकाचा वास असायचा. खिशातून कधी साळिंदराचा काटा निघायचा, कधी मोठालं बी. शैला धावत जाऊन आधी खिसे तपासायची. आता ती कॉलेजात शिकवते आणि माझेच चष्मे शोधून देते.

अस्वलं, तरस, भेकरं, बिबटे, सगळं या वह्यांत आहे. मी त्यांच्यापासून चार कोसांवर पोळ्या लाटत होते.

२ डिसेंबर

सहावी वही. जानेवारी एकसष्टला पहिल्यांदा वाघीण येते. "मोर दर्रा. झिरे पर शेरनी. दो बच्चे साथ." तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा. मग जवळजवळ दर आठवड्याला. एका ठिकाणी लिहिलंय की थोरलं पिल्लू पाण्यात पडलं आणि रागावून पाण्यालाच पंजे मारत बसलं.

मला हे ठाऊक होतं. त्या दिवसांत हे जेवताना तिच्याविषयीच बोलत. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यावरून एप्रिलमधलं ते जेवण आठवलं. वरच्या साहेबांचे मुंबईचे पाहुणे बंगल्यावर उतरले होते. दुपारी मी पुरणपोळी केली, येसराची आमटी केली. पाहुण्यांनी मागून मागून घेतली. हे नेहमीसारखे मुखदुर्बळ बसले होते. शेवटी मीच दारातून म्हटलं, "अहो, तुमच्या वाघिणीचं सांगा ना यांना!" आणि मग काय सांगितलं त्यांनी! झिरा, पिल्लं, पाणवठ्याची वेळ. सगळे घास हातात धरून ऐकत होते. माझी छाती अशी भरून आली होती. आमच्या संसारातल्या चांगल्या दुपारींपैकी ती एक.

पुढच्याच महिन्यात यांनी शहरात बदली मागून घेतली. शैलाची शाळा होती, आणि मलाही तिथं एकटं वाटायचं. माझ्यासाठी जंगल सोडणारा माणूस होता तो. कधी बोलून दाखवलं नाही.

७ डिसेंबर, कन्नड

जीपने इथं आले. काकासाहेबांना मोरदरा बघायचा होता आणि मला सांडू.

सांडू यांचा चौकीदार होता. चारी वर्षं यांच्या पुढे चालला. आता बहात्तर वर्षांचा आहे. डोळ्यांत पडदे आलेत, माणसं आवाजाने ओळखतो. दऱ्याच्या तोंडाशी पाच घरांची वस्ती आहे, तिथं तो आणि त्याची बायको आवडाबाई राहतात. मी हाक मारल्यावर तो उभाच राहिला.

"बाईसाहेब? तुमी?" आणि मग पहिलं विचारलं, "सायब शेवटाला लई तरासले का?"

"नाही. झोपेतच गेले."

"बरं झालं," म्हणाला आणि पागोट्याच्या शेवाने तोंड पुसलं.

काकासाहेबांनी नकाशा उघडून मला समजावलं. अभयारण्याची रेषा सध्या मोरदऱ्याच्या अलीकडून जाते. पलीकडच्या अंगाला दगडखाणीचा अर्ज आलाय. दऱ्यात बारमाही पाणी आणि जनावर दाखवता आलं तर दरा रेषेत घेता येईल. नाही तर सुरुंग लागतील.

"सांडूबाबा, साहेबांच्या वहीतला झिरा कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"त्यो? आटला की. बहात्तरच्या दुष्काळात." सांडूने हातानेच उडवून लावलं. "दऱ्यात आता काय नाय. निस्ती घाणेरी वाढलीये."

आवडाबाई चुलीशी होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

८ डिसेंबर, कन्नड

दिवसभर काकासाहेब दोन माणसं घेऊन दऱ्यात हिंडले. काही मिळालं नाही. घाणेरीने सगळे खळगे गिळलेत म्हणाले.

मी आवडाबाईबरोबर शेंगा फोडत बसले. दुपारी सांडू काठी टेकत एकटाच निघून गेला. "असा कुठं जातो हा, दिसत नसताना?" मी विचारलं. ती म्हणाली, "जातेत रोज. पायाला सवं हाये." दोन तासांनी परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. नखांतसुद्धा गाळ. मला फार वाईट वाटलं. म्हाताऱ्याला वाट कळत नसणार, कुठे तरी पडला असेल. आवडाबाईने न विचारता त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

त्याची आठवणही गेलीय. वाघिणीचं विचारलं तर म्हणतो, "कुठली वाघीण, बाईसाहेब?"

३ जानेवारी १९८६, औरंगाबाद

सातवी वही आज उघडली. सारखी पुढे ढकलत होते. संपली की संपलं, असं वाटत होतं. सगळी मिळून नऊ पानंच लिहिलेली आहेत. शेवटचं पान असं:

"१७ अप्रैल. शेरनी मारी गई. झिरे पर. मैंने बताया था. खाने पर, सबके सामने, मैंने बताया था."

पुढे सगळी वही कोरी.

४ जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही.

ते जेवण चौदा एप्रिलचं. वहीत आदल्या पानावर आहे, 'मेहमान आए.' तीन दिवसांनी तिला मारली. पाहुण्यांकडे परवाना होता, तेव्हा गुन्हा नव्हता तो. पण जागा आणि वेळ त्यांना यांनी सांगितली होती.

'मैंने बताया था.' दोनदा लिहिलंय. माझं नाव नाही. मी दारात उभी राहून म्हटलेलं वाक्य नाही. त्यानंतर अठरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि एकदाही ते माझ्यावर आलं नाही. ती दुपार मी किती वेळा आठवून सांगितली असेन त्यांना! "तुम्ही काय छान बोलला होतात." आणि हे उठून अंगणात जायचे.

बदली शैलासाठी नव्हती. माझ्यासाठीही नव्हती.

६ जानेवारी

शैलाला पान दाखवलं. तिला उर्दू येत नाही, मी वाचून दाखवलं. ती एकदम म्हणाली, "आई, हे पान सोडून दे. बाकी सहा वह्या खूप झाल्या."

"का?"

"का म्हणजे? आमच्या कॉलेजातल्या निसर्गमंडळात बाबांचा फोटो आहे. निवृत्तीनंतर मुलांना वाघ समजावून सांगत ते शाळाशाळांतून फिरले. हे बाहेर आलं की लोक काय लक्षात ठेवतील?"

तिचंही खोटं नाही. पण शाळाशाळांतून ते का फिरत होते, हे मला आत्ता कळतंय. मी त्यांना म्हणायचे, या वयात एवढी दगदग कशाला?

काकासाहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते जपून बोलले. "पान दिलंत, तर वाघीण तिथं पिल्लं वाढवत होती याला तारखेसकट पुरावा होईल. नाही दिलंत तर मी माझ्या परीनं भांडीन. पण बाई, आज तिथं पाणी आहे हे दाखवल्याशिवाय दोन्हीचा उपयोग नाही. आणि पाणी तर सापडत नाही."

११ जानेवारी, मोरदरा

एस.टी.ने एकटीच आले. काकासाहेबांना जीप घेऊन दुपारी यायला सांगितलं होतं. सांडू उन्हात बसला होता. आवडाबाईने गूळपाणी दिलं. मी वही काढली आणि काही प्रस्तावना न करता ते पान वाचलं. सांडूला यांच्यामुळे उर्दू कानाने कळते.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सायबांनी लिव्हलं व्हय हे?"

"हो."

"आन माझं? माझं काय लिव्हलंय?"

"तुझं काही नाही."

"मंग आर्धंच लिव्हलं." त्याच्या तोंडावर ऊन होतं, पण त्याने डोळे मिटले नाहीत. "सायबांनी जागा सांगितली. पाव्हण्यांना तिथवर नेलं म्या. वरच्या सायबांचा हुकूम व्हता. आपले सायब औरंगाबादला गेले व्हते कचेरीच्या कामाला, त्यांना ठाव नव्हतं. म्या फुडं चाललो आन हातानं दावलं, ती बगा तिथं येती."

आवडाबाई आत निघून गेली.

"पिलं?" मी विचारलं.

"दोन दिस झिऱ्यावरच हिंडत व्हती. आईला नेलं त्या जागंचा वास घेत. सायब आन म्या मांस टाकायचो, लांबून बगायचो. धाकलं मेलं. थोरलं तिसऱ्या दिशी डोंगर वलांडून गेलं, खानदेशाच्या अंगाला. फुडं काय झालं देवाला ठाव. तवा सायब मला म्हनले, सांडू, ही जागा आता कुनाला दावायची नाय. कुनी सायब आला तरी नाय. मी स्वता आलो आन इचारलं, तरी नाय म्हन."

"म्हणून आटला म्हणालास?"

तो काठी चाचपत बसला. मग मी त्याला खाणीचं सांगितलं. हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अभयारण्य म्हणजे पुन्हा साहेबलोक, पुन्हा बंगले, पुन्हा बंदुका, असंच तो धरून बसला होता. सुरुंग लागले तर खडकातलं पाणी राहील का, असं मी विचारलं. त्याने मान हलवली. "येका सुरुंगात वाट बदलतंय पानी."

"मग सांग आता. यांनी तुझ्याकडून शब्द घेतला होता तो मी मोडते आहे. दोष माझा."

"तुमचा कशापाई?"

तेव्हा मी त्याला जेवणाचं सांगितलं. कुणालाही सांगितलेलं हे पहिल्यांदाच. दारात उभं राहून मी काय म्हणाले ते, शब्द न् शब्द. सांडू ऐकत राहिला. मग काठी घेऊन उठला. "चला. ऊन उतरायच्या आत जाऊ. त्या पोरसवदा सायबाला बी घ्या."

काकासाहेब नुकतेच पोचले होते. वाट कसली ती! सांडू पुढे, त्याच्या काठीला धरून मी, मागे काकासाहेब. घाणेरीच्या जाळीत एका ठिकाणी तो खाली बसला आणि हाताने फांद्या बाजूला केल्या. आत कपारीसारखा बोळ. दहा-बारा पावलं वाकून गेल्यावर एकदम गारवा लागला. वर अंजनाचं मोठं झाड, खाली काळा कातळ, आणि कातळातून पाणी येत होतं, अंगठ्याएवढ्या धारेनं. खाली मोठ्या परातीएवढं डबकं, तळचा खडा दिसेल इतकं स्वच्छ. पानं नाहीत, गाळ नाही. काठावर दगड लावलेले.

"रोज काढतो गाळ," सांडू म्हणाला. "नाय काढला तर चार दिसांत बुजतंय. जनावरं मंग गावात उतरत्यात."

चोवीस वर्षं!

काकासाहेब गुडघ्यांवर बसले होते. ओल्या मातीत ठसे होते. ते एकेक नाव घेत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. बिबट्या. अस्वल, आज सकाळचं. साळिंदर. भेकर. तरस. सांडू कान देऊन ऐकत होता. यादीत एक राहिलं म्हणाला, "उदमांजर यील बगा त्या तिकडल्या बाजूला." तिथं त्याचाही ठसा होता.

२१ जानेवारी, औरंगाबाद

आज कचेरीत बैठक झाली. लांब टेबल, आठ-नऊ माणसं, सगळे माझ्यापेक्षा लहान. काकासाहेबांनी ठशांची चित्रं मांडली. मग मला वाचायला सांगितलं. आधी उर्दू वाचलं, मग मराठी. शेवटचं पानही वाचलं. त्याखाली मी माझ्या नावाने एक टीप जोडली होती, तीही वाचली: 'सदर माहिती रेंजरांनी पाहुण्यांना माझ्या आग्रहावरून सांगितली. भानुमती धारूरकर.'

वही मिटून टेबलावर ठेवली.

एक साहेब म्हणाले, "बाई, ही टीप दप्तरात घालायची गरज नव्हती."

मी म्हटलं, "त्यांनी एकट्याने पुष्कळ वर्षं वाहिलं. आता कागदावर तरी दोघांचं असू द्या."

बाहेर आलो. काकासाहेबांनी चहा आणून दिला. सांडूचं नाव मी कुठेच घातलं नाही. त्याने हुकूम पाळला होता.

३० जानेवारी

शैला नऊ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

१५ मार्च

मोरदरा हद्दीत आला! काकासाहेब स्वतः नकाशा घेऊन आले. लाल रेषा दऱ्याला वळसा घालून जाते. खाणीचा अर्ज बाजूला पडला. वस्ती आहे तिथंच राहील असं त्यांनी दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं.

शैला कॉलेजातून आल्यावर तिला दाखवला. ती नकाशावर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मंडळात मी सांगितलं सगळं. एका मुलीने विचारलं, म्हणजे सर चुकले होते का? मी म्हटलं, हो." थोडं थांबून म्हणाली, "फोटो कुणी भिंतीवरून उतरवला नाही, आई."

मी आत जाऊन उगीच भांडी लावत राहिले.

९ मे, मोरदरा

काल शैलाबरोबर वस्तीवर मुक्कामाला आले. ती आवडाबाईकडून धपाटे शिकते आहे. सकाळी उजाडताच मी आणि सांडू झिऱ्यावर गेलो. आता गाळ काढायला खात्याचा माणूस येतो, पण त्याने नीट काढलाय की नाही हे सांडू हात घालून बघतो. मे महिना, डोंगर सगळा करपलेला, पळसाखाली पाचोळा, आणि इथं मात्र मातीला ओल.

कातळाच्या आडोशाला बसलो. हे इथंच बसत असणार. विचारलं नाही.

बराच वेळ काही नाही. मग वाळल्या पानांत चाहूल लागली आणि सांडूचं बोट वर झालं. त्याला माझ्याआधी कळलं होतं.

"काय आलंय?" तो कुजबुजला.

मी एकसष्ट वर्षांची. रानातलं जनावर रानात पहिल्यांदा बघत होते. "तांबूस. बकरीपेक्षा बारीक. पाठ जरा वाकलेली."

"भेकर. शिंगं हायेत?"

"नाहीत. केसांचे झुबके आहेत."

"मंग मादी. येकटीच?"

मी मान लांब केली. मागे धावड्याच्या बुंध्याशी आणखी काहीतरी हललं, अगदी लहान, अंगावर फिकट ठिपके. माझा हात आपोआप त्याच्या दंडावर गेला.

"सांडू, मागे तिचं..."

"हळू, बाईसाहेब. आधी पिऊ द्या तिला."

ती चार पावलं पुढे आली, थांबली, आमच्या बाजूला बघितलं. मग मान खाली घातली. पिल्लूही येऊन तिला चिकटून उभं राहिलं. सांडू पापण्या मिटून ऐकत होता आणि मी बघत होते. दोघं प्यायली. पुष्कळ वेळ प्यायली.